तीन महिन्यांची शुगर आणि सिकलचे रक्त

रक्तातली साखर तपासायची म्हटले की रायपूरमधले डॉक्टर आता बहुधा ‘तीन महिन्यांची शुगर’ लिहून देतात. तिचे शास्त्रीय नाव एचबीए१सी. तिच्यासाठी उपाशीपोटी यावे लागत नाही. काल लग्नात खाल्लेल्या जिलेबीने आकडा बिघडत नाही आणि चार दिवसांच्या घाईघाईच्या पथ्याने तो सुधारतही नाही. रुग्णाला सोपी, डॉक्टरला खात्रीची आणि शिबिर भरवणाऱ्याला सोयीची अशी ही तपासणी आहे. आकडा ५.७ च्या आत असला तर निर्धास्त राहावे, ६.५ किंवा त्याच्या वर गेला तर मधुमेह, आणि मधला पट्टा सावधगिरीचा, हा हिशेब आता सामान्य माणसालाही पाठ झाला आहे. छत्तीसगड आणि विदर्भातल्या बऱ्याच लोकांच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकू शकतो. तो चुकतो तेव्हा बहुधा ‘काही नाही, ठीक आहे’ असे सांगून चुकतो. आमच्या मते ही चिंतेची बाब आहे.

अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवरील नियतकालिकांत ‘वेगळी केस’ म्हणून एक प्रकारचा रुग्ण अधूनमधून भेटतो. त्याला सिकलसेलचा आजार आहे. तहान वाढली आहे, रात्री लघवीला उठावे लागते, वजन उतरते आहे. ग्लुकोज तपासले तर तीनशेच्या आसपास, आणि एचबीए१सी मात्र अगदी सुरेख, पाच किंवा त्याच्याही खाली. कधी यंत्र आकडाच देत नाही. लिहिणारे डॉक्टर शेवटी बजावतात की अशा रुग्णात एचबीए१सीवर विसंबू नये. शिकागो किंवा लंडनच्या वाचकाला हा इशारा पुरतो, कारण त्याच्या दवाखान्यात असा रुग्ण क्वचितच येतो. टाटीबंधच्या एम्सच्या किंवा ज्याला सगळे रायपूर ‘मेकाहारा’ म्हणते त्या आंबेडकर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात उभे राहून वाचले, तर याला वेगळी केस म्हणावे का, असा प्रश्न पडतो.

आधी हे का घडते ते पाहू. लाल रक्तपेशीतल्या हिमोग्लोबिनला रक्तातली साखर हळूहळू चिकटत जाते. पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजले की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. एक, पेशी पुरे १२० दिवस जगली. दोन, आतले हिमोग्लोबिन नेहमीचे, म्हणजे ‘ए’ जातीचे आहे. सिकलसेलच्या रुग्णात, ज्याला आपल्याकडे ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात, दोन्ही गृहीते कोसळतात. त्याच्या पेशी दहा-वीस दिवसांत फुटतात, त्यामुळे साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही. शिवाय त्याच्या पेशींत ‘ए’ हिमोग्लोबिन नसतेच, असते ते ‘एस’. ज्या गोष्टीला साखर चिकटल्याचे मोजायचे, तीच गोष्ट गैरहजर. त्याला नुकतेच रक्त चढवले असेल तर ‘ए’ हिमोग्लोबिन सापडते, पण ते रक्तदात्याचे. अहवालात मग रुग्णाच्या नावापुढे बऱ्याच अंशी रक्तदात्याच्या साखरेची सरासरी छापली जाते.

या तपासणीचा उगमही एका वेगळ्या केसमध्येच आहे. १९६० च्या दशकात तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर हे संशोधक हजाराहून अधिक लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे विकृत प्रकार शोधत होते. विद्युतप्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याची पद्धत ते वापरत होते. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याच पद्धतीने सिकल हिमोग्लोबिनचे वेगळेपण सिद्ध केले होते. रहबरांना दोन रुग्णांत एक अनोळखी पट्टी दिसली. दोघांनाही मधुमेह होता. दुसऱ्या कोणी यंत्राची गडबड म्हणून ती बाजूला टाकली असती. रहबरांनी आणखी मधुमेही तपासले, त्यांच्यातही तीच पट्टी निघाली, आणि १९६८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेलन रॅनी यांच्याबरोबर त्यांनी हा शोध पक्का केला. रॅनी यांचे नाव त्याआधीच सिकल हिमोग्लोबिनवरील कामामुळे झालेले होते. म्हणजे आजची जगभरची मधुमेहाची तपासणी निघाली ती सिकलसारखे हिमोग्लोबिनचे विकार धुंडाळताना, आणि तीच तपासणी आता सिकलच्या रुग्णापुढे अडखळते. विज्ञानाच्या इतिहासात असे योगायोग बरेच आहेत, पण हा आपल्या दारातला आहे. सिकलची गोष्टही अशाच वेगळ्या केसपासून सुरू झाली: १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या कोयत्याच्या आकाराच्या पेशींची नोंद केली होती, तीही एकाच रुग्णाची होती.

भारतात सिकलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतात हा गुणधर्म असल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. तोपर्यंत रायपूर आणि नागपूर एका प्रांतातून निघून दोन राज्यांत गेले होते, पण प्रांतांच्या फेररचनेने रक्ताची रचना काही बदलली नाही. गोंदिया, गडचिरोली, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर हा सगळा पट्टा या बाबतीत एकच आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रायपूर जिल्ह्यातल्या पाहणीत साडेतीन लाखांहून अधिक जणांचे रक्त तपासले गेले आणि दर शंभरांत नऊहून जास्त जण वाहक निघाले. वाहक म्हणजे ‘एएस पॅटर्न’. एक जनुक सिकलचे, दुसरे साधे. हा फक्त आदिवासींचा प्रश्न आहे, असा समज अजून ठिकठिकाणी आहे. छत्तीसगडमध्ये साहू आणि कुर्मी, विदर्भात बौद्ध, तेली आणि कुणबी समाजांतही सिकल आढळतो. रायपूरच्या बाजारपेठेत दुकान चालवणारा, पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस वाहक असू शकतो, आणि त्याला ते ठाऊक असण्याची शक्यता फार कमी.

आता या वाहकाच्या एचबीए१सीचे काय होते? इथे घाईने निष्कर्ष काढू नये. वाहकाच्या पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगतात आणि त्यांत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन ‘ए’ असते. त्यामुळे ‘वाहकाची तपासणी सरसकट फोल’ असे म्हणणे चूक ठरेल. पण २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या ४,६२० कृष्णवर्णीय लोकांचा अभ्यास आला. रक्तातली साखर तेवढीच असतानाही वाहकांचा एचबीए१सी इतरांपेक्षा सरासरी ०.२९ ने कमी भरत होता. ०.२९ हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण ६.५ च्या उंबरठ्यावरचा माणूस त्यामुळे ६.२ वर दिसतो आणि औषध सुरू होण्याऐवजी ‘सहा महिन्यांनी या’ असा सल्ला घेऊन घरी जातो. हा फरक शरीरातला किती आणि मोजण्याच्या पद्धतीतला किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तो रास्तही आहे, कारण यंत्रायंत्रांत फरक असतो. काही पद्धती हिमोग्लोबिनच्या साखळीचे टोक प्रतिपिंडाने ओळखतात. साखर चिकटते ती साखळीच्या पहिल्या जागेवर, आणि सिकलचा बदल आहे सहाव्या जागेवर, म्हणजे अगदी शेजारी, त्यामुळे ती ओळख चुकू शकते. बोरोनेट नावाच्या दुसऱ्या पद्धतीला असा अडथळा सर्वांत कमी येतो.

आणखी एक अडचण भारतीय सिकलचीच आहे. आपल्याकडचा सिकल ज्या जनुकीय प्रकारातून येतो त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. त्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजे ‘एफ’, मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते. रुग्णाच्या दृष्टीने हे भाग्यच, कारण ‘एफ’ जास्त असले की पेशी कमी वाकतात आणि पुष्कळांचा आजार आफ्रिकी प्रकारापेक्षा सौम्य राहतो. (नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र सगळ्यांचाच आजार सौम्य नसतो, हे वेळोवेळी दाखवून दिले आहे.) पण ‘एफ’ वाढले की काही पद्धतींचा एचबीए१सी पुन्हा चुकतो. त्यात सिकलवरचे आजचे मुख्य औषध हायड्रॉक्सियुरिया. ते ‘एफ’ वाढवूनच काम करते. म्हणजे उपचार जितका लागू पडतो तितका तपासणीचा आकडा बेभरवशाचा होतो. बरे, एचबीए१सी सोडून दंडावर सेन्सर लावून चोवीस तास साखर मोजावी, तर तिथेही हायड्रॉक्सियुरिया आडवे येते. काही कंपन्यांचे सेन्सर या औषधामुळे साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि तशी सूचना ते स्वतःच्या पत्रकात छापतात. जास्त दिसणाऱ्या साखरेला भिऊन इन्सुलिन वाढवले तर रुग्ण घाम फुटून कोसळू शकतो. फ्रुक्टोसामाइन ही दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी तपासणी हिमोग्लोबिनवर अवलंबून नाही, म्हणून ती सुचवली जाते. पण ती रक्तातल्या प्रथिनांवर उभी आहे, आणि सिकलने मूत्रपिंड दुखावले की लघवीतून प्रथिने जातात. मग तीही डळमळते.

एवढे सगळे वाचून सामान्य माणसाला वाटेल की मग मधुमेह ओळखायचाच कसा. उत्तर जुने आणि स्वस्त आहे. उपाशीपोटी शिरेतून काढलेल्या रक्तातले ग्लुकोज १२६ किंवा जास्त, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त. पेशी किती दिवस जगली, हिमोग्लोबिन कोणते, याच्याशी या तपासणीला कर्तव्य नाही. एचबीए१सीला निदानाची मान्यता अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१० मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दिली. त्याआधी सगळे जग ग्लुकोजवरच निदान करत होते. आमचा आग्रह इतकाच की सिकलच्या पट्ट्यात एचबीए१सी आणि ग्लुकोज यांचे पटत नसेल तर शंका एचबीए१सीवर घ्यावी. आज बहुधा उलट होते. ‘त्या दिवशी काही गोड खाल्ले असेल’ म्हणून ग्लुकोज मोडीत काढले जाते, आणि दशांशात छापलेला आकडा खरा मानला जातो.

चूक एकाच दिशेने होते असेही नाही. लोहाच्या कमतरतेने येणाऱ्या रक्तक्षयात पेशी जास्त दिवस रेंगाळतात आणि एचबीए१सी विनाकारण वर जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. छत्तीसगडमध्ये हे प्रमाण आणखी वर आहे. एखादी बाई सिकलची वाहक आहे आणि तिच्यात लोहही कमी आहे, हे इथे रोजचे चित्र. एक कारण आकडा खाली ओढते, दुसरे वर ढकलते. अहवालात येतो तो मधलाच काहीतरी, दिसायला निर्दोष आकडा. तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की पुढच्या वेळी आकडा उतरतो आणि डॉक्टर साखरेच्या गोळीला श्रेय देतात.

परक्या मापांनी आपली माणसे मोजण्याचा हा एकटाच मामला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा मागोवा घेतला. वजनाने हलकी पण चरबीने भारी अशी भारतीय बाळे त्यातून पुढे आली, आणि लठ्ठपणाची युरोपीय मापे आपल्याला लागू पडत नाहीत हे जगाला मान्य करावे लागले. कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाची गोष्ट तर जास्तच वेडीवाकडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये त्याला स्वतंत्र वर्ग दिला, १९९९ मध्ये पुरावा अपुरा म्हणून काढून घेतला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाने २०२२ मध्ये दाखवले की या कृश रुग्णांची अडचण मुळात इन्सुलिन कमी तयार होण्याची आहे. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ हे नाव दिले. त्यावर अजून सगळ्यांचे एकमत नाही. पण जे रुग्ण कटकपासून वेल्लोरपर्यंतचे डॉक्टर दशकानुदशके पाहत होते, ते मधल्या पंचवीस वर्षांत कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

सिकल आणि साखर या जोडीला मात्र रकाना मिळायला पंचवीस वर्षे लागू नयेत, कारण यंत्रणा हजर आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सतरा राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट, छत्तीसगड आणि महाराष्ट्र दोन्ही त्यात आहेत. तपासलेल्याला कार्ड मिळते. रायपूरमध्ये तर सिकलसाठी स्वतंत्र संस्था आहे. दुसरीकडे मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीनंतरच्या प्रत्येकाची साखर तपासायची आहे. दोन्ही कामे बहुतेक ठिकाणी त्याच आरोग्य केंद्रात, तीच परिचारिका करते. फक्त एका नोंदवहीला दुसरीची खबर नसते.

याहून मोठा घोळ वयाचा आहे. सिकल मोहीम शून्य ते चाळीस या वयोगटासाठी आहे. तिचा रोख पुढच्या पिढीत आजार जाऊ नये यावर असल्यामुळे ही मर्यादा तिच्या दृष्टीने योग्यच आहे. पण मधुमेह जोर धरतो तो चाळिशीनंतर. म्हणजे ज्याची साखर आपण उद्यापासून मोजणार, त्याचे हिमोग्लोबिन कोणते हे बघण्याची जबाबदारी आज कुणावरच नाही. पंचेचाळिशीच्या माणसाचे लग्न जुळवायचे नाही म्हणून त्याच्या सिकलची कोणाला फिकीर नाही. हायड्रॉक्सियुरिया आणि चांगल्या देखभालीमुळे एसएसचे रुग्णही आता पूर्वीपेक्षा जास्त जगतात. मधुमेहाचे वय गाठणारी त्यांची बहुधा ही पहिलीच मोठी पिढी असेल.

प्रयोगशाळांना यात एक काम विनाखर्चाचे आहे. एचबीए१सीची बरीच यंत्रे एचपीएलसी पद्धतीची असतात आणि आकड्याबरोबर एक आलेखही काढतात. रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन असेल तर त्या आलेखात त्याचा वेगळा उंचवटा दिसतो. रहबरांना सिकलसारखे प्रकार शोधताना साखर सापडली, इथे साखर शोधताना सिकल सापडतो. पुष्कळ प्रौढ वाहकांचा पत्ता पहिल्यांदा असाच लागतो, किंवा लागू शकतो. पण रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर आलेख नसेल आणि तंत्रज्ञाने फक्त आकडा उतरवला असेल, तर ती माहिती यंत्रातच राहते. आलेख छापावा आणि ‘हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार दिसतो, साखरेची खात्री ग्लुकोजने करावी’ अशी एक ओळ खाली टाकावी.

या ओळीला विरोध होईल, आणि तो निव्वळ आळसापोटी असणार नाही. सिकल हा शब्द घरात आला की सोयरिकी मोडतात. पन्नाशीतल्या बापाच्या शुगरच्या अहवालावर सिकलचा उल्लेख आला, तर लग्नाच्या वयातल्या मुलीचे काय होईल या भीतीने तो अहवाल फाडला जाईल, हे या भागात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून काही डॉक्टर जाणूनबुजून गप्प राहतात. त्यांची अडचण आम्हाला कळते, तरी त्यांचा मार्ग पटत नाही. रक्त ज्याचे, माहिती त्याची. ती त्याला एकट्याला, वेळ देऊन आणि ‘तुम्ही आजारी नाही, वाहक आहात’ हे आधी सांगून द्यायला हवी. मुलांची तपासणी करायची की नाही हे त्या कुटुंबाने ठरवावे. गप्प राहण्याने मुलीचे लग्न कदाचित जुळेल, पण वाहकाची गाठ वाहकाशी पडली तर नातवंडांपैकी प्रत्येकाला एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. आणि बापाच्या चुकलेल्या निदानाची किंमत त्याचे डोळे आणि मूत्रपिंडे मोजतील, ती वेगळीच.

संशोधनाचा प्रश्न उरतोच. ०.२९ हा आकडा अमेरिकेतला, आफ्रिकी वंशाच्या लोकांचा. अरब-भारतीय प्रकारात, ‘एफ’ जास्त असताना, जोडीला लोहाची कमतरता आणि कधी थॅलेसेमियाही असताना किती फरक पडतो, याचा हिशेब इथल्या रक्तावरच मांडायला हवा. एकेका वेगळ्या केसचे चार पानी वृत्त लिहून तो हाती लागणार नाही. एए, एएस आणि एसएस अशा तिन्ही गटांतल्या काहीशे लोकांचे उपाशीपोटीचे आणि दोन तासांचे ग्लुकोज, दोन वेगळ्या पद्धतींनी केलेला एचबीए१सी, फ्रुक्टोसामाइन आणि लोह एकाच दिवशी मोजून वर्षभर पाठपुरावा करावा लागेल. एम्स, आंबेडकर रुग्णालय आणि सिकलसेल संस्था एकाच शहरात असलेल्या रायपूरइतकी सोय यासाठी क्वचितच कुठे असेल. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोबत आले तर अभ्यासाला दोन राज्यांचा आवाका मिळेल.

तोवर प्रशासनाला एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. एचबीए१सी मोजणारी कोणती पद्धत ‘एस’, ‘सी’, ‘डी’, ‘ई’ या प्रकारांपुढे टिकते आणि कोणती अडखळते, याची यादी अमेरिकेतला राष्ट्रीय प्रमाणीकरण कार्यक्रम जाहीर ठेवतो, आणि ती कोणालाही पाहता येते. जिल्हा रुग्णालयांसाठी यंत्रे आणि रसायने घेताना निघणाऱ्या निविदेत ‘एस आणि एफ हिमोग्लोबिनचा अडथळा नसलेली पद्धत’ ही अट घातली तर खर्च थोडा वाढेल. दर सर्वांत कमी तो पुरवठादार, या नियमाने घेतलेले यंत्र रायपूर, राजनांदगाव किंवा गडचिरोलीत लावले आणि ते नेमके ‘एस’पुढेच अडखळणारे निघाले, तर वाचलेले पैसे पुढे डायलिसिसच्या खात्यातून जातील.